हृदयाच्या झडपेत चुना कुठून येतो?

“सिस्टर, आमच्या वस्तीत बोअरचं पाणी येतं. हंड्याच्या बुडाला बघा, कसा पांढरा थर धरतो. तोच थर माझ्या व्हॉल्व्हला बसला का हो?”

सरकारी रुग्णालयाच्या हृदयविभागात मी परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढली. हा प्रश्न मला तिथे ४२ वर्षांच्या एका ताईंनी विचारला होता. त्यांच्या हातात टू-डी एकोचा कागद होता. डॉक्टरांनी घाईत एवढेच सांगितले होते, की झडपेत कॅल्शियम साचले आहे, फुग्याने काम होणार नाही, ऑपरेशनच करावे लागेल. शेजारी बसलेल्या नवऱ्याने लगेच दुसरे कारण काढले. “तंबाखूत चुना मळून खाते ती. किती वेळा सांगितलं मी.” आणि सासूबाईंनी तर घरी नाचणीची भाकरी आणि दूध दोन्ही बंद करून टाकले होते, कारण त्यात कॅल्शियम असते असे त्यांना कुणीतरी सांगितले होते.

तिन्ही अंदाज चुकीचे होते. पण ताईंचा प्रश्न मला आवडला. आजाराला कारण असते आणि ते शोधायचे असते, नशिबावर सोडायचे नसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या दिवशी मी त्यांना जेवढे समजावू शकले त्याहून जरा जास्त इथे लिहिते आहे.

आधी झडप कशी असते ते पाहू. हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडपेचे काम दाराचे. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही. दिवसभरात हृदय सुमारे १ लाख वेळा धडधडते, म्हणजे हे दार रोज लाखभर वेळा उघडते आणि मिटते. त्याच्या पाकळ्या १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात. ओल्या रेशमासारख्या मऊ. फुप्फुसातून आलेले शुद्ध रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात सोडणाऱ्या झडपेला मायट्रल म्हणतात, तिला दोन पाकळ्या. तिथून शरीराकडे रक्त सोडणारी ती एओर्टिक, तिला तीन. ताईंची बिघडली होती ती मायट्रल. निरोगी माणसात ही झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उरले की आजार गंभीर मानतात. ताईंची १ सुद्धा उरली नव्हती.

आता हंड्याचे पाणी. हंड्यात थर बसतो तो पाण्यातला क्षार आपसूक खाली बसल्यामुळे. रक्तातही कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतात, इतके की ते आपसूक जमून खडे व्हायला हवेत. पण शरीर तसे होऊ देत नाही. रक्तात आणि पेशींच्या भोवती काही प्रथिने सतत पहारा करतात आणि खडा धरू लागला की त्याला अडवतात. म्हणून तुम्ही बोअरचे पाणी प्या की नळाचे, दूध प्या की नाचणी खा, निरोगी झडपेवर थर बसत नाही. तंबाखूतल्या चुन्याने तोंड भाजते, तंबाखूने कॅन्सर होतो, म्हणून ती सोडायलाच हवी. पण तो चुना झडपेपर्यंत जात नाही. सासूबाईंनी बंद केलेली नाचणी त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला मी सांगितले. अशक्त बाईची भाकरी तोडून झडप मोकळी होत नाही.

मग खडा धरतो कसा? झडपेला आधी जखम व्हावी लागते. जखम झाली की पाकळीत सूज येते, संरक्षक पेशी तिथे गोळा होतात. निरोगी पाकळीत सहसा रक्तवाहिन्या नसतात. सुजलेल्या पाकळीत नव्या बारीक वाहिन्या शिरतात. काही पेशी मरतात, आणि त्यांच्या फुटलेल्या तुकड्यांवर कॅल्शियम-फॉस्फेटचा पहिला कण धरतो. २०१३ साली लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजच्या संशोधकांनी झडपांचे आणि रक्तवाहिन्यांचे तुकडे अतिशय शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना बारीक गोल गोळ्या दिसल्या. केसाच्या जाडीपुढेही त्या कितीतरी लहान. डोळ्यांना जिथे चुना दिसत नव्हता अशा ठिकाणीही त्या होत्या. म्हणजे एकोच्या कागदावर कॅल्शियम हा शब्द उमटण्याच्या कितीतरी आधी आत पेरणी झालेली असते.

याच्या पुढची गोष्ट मला स्वतःला ऐकताना खरी वाटली नव्हती. पाकळीच्या आत ज्या पेशी असतात त्यांचे काम पाकळीची डागडुजी करायचे. वर्षानुवर्षे सूज राहिली की यातल्या काही पेशी आपला धर्म सोडतात आणि हाडे बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. हाड बांधताना लागणारी प्रथिने त्या झडपेत तयार करतात, त्यावर खनिज चढवतात. २००१ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या ३४७ झडपा तपासून अहवाल दिला. त्यातल्या २८८ मध्ये चुना साचलेला होता आणि ३६ झडपांमध्ये चक्क पक्के हाड होते, काहींत मज्जेसकट. २००५ साली संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपांमध्येही हाडासारखी हीच घडण दिसून आली. हंड्याचा थर आणि हा थर यांच्यातला फरक इथे आहे. हंडा काहीच करत नाही. झडपेतला थर जिवंत पेशी बसवतात.

म्हणून तो खरवडून किंवा विरघळवून निघत नाही. व्हॉट्सॲपवर लसूण, लिंबू आणि व्हिनेगरचे काढे फिरतात, त्यांनी हृदयातला चुना धुऊन निघतो म्हणे. मोठ्या कंपन्यांच्या औषधांनाही ते जमलेले नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांनी एओर्टिक झडपेतला चुना थांबेल अशी डॉक्टरांना फार आशा होती. २००५, २००८ आणि २०१० साली त्याचे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. झडप आवळत जायची ती आवळतच गेली. आजघडीला झडपेतले कॅल्शियम काढून टाकणारे कोणतेही औषध सिद्ध झालेले नाही, आणि गंडादोरा बांधणाऱ्याकडे तर ते असण्याचा प्रश्नच येत नाही.

जखम कुठली?

म्हातारपणी एओर्टिक झडप झिजून कडक होते. उच्च रक्तदाब, विडी-सिगारेट, मधुमेह यांनी ते लवकर होते. किडनीच्या रुग्णांत, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांत, फॉस्फेट वाढल्यामुळे आणखी लवकर. शंभरात एखाद-दोन माणसांना जन्मतःच एओर्टिक झडपेला तीनऐवजी दोन पाकळ्या असतात, त्यांना चाळिशी-पन्नाशीतच त्रास सुरू होऊ शकतो. यांच्याविषयी पुढे कधीतरी लिहीन.

आपल्या वस्त्यांमधली जखम बहुतेक वेळा निराळी असते, आणि ती लहानपणी होते. ताईंना मी विचारले, “लहानपणी सांधे कधी सुजले होते का?” त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, “सहावीत होते. आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट. आज हा, उद्या तो. आई म्हणाली थंडी भरली. तेल चोळलं.”

हाच तो संधिवाताचा ताप, रुमॅटिक फीव्हर. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. सुरुवात घशात होते. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा सुजतो आणि काही दिवसांत बराही होतो. पण या जंतूचे रूप आणि हृदयातल्या पेशींचे रूप काहीसे मिळतेजुळते आहे. शरीराने जंतूविरुद्ध उभारलेली फौज काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर चालून जाते. सांधे पूर्ण बरे होतात, मागे खूण राहत नाही, म्हणून घरचे विसरतात. झडप विसरत नाही. पाकळ्यांच्या कडा जाड होतात, कोपरे एकमेकांना चिकटतात. घसा पुन्हा दुखला की पुन्हा तोच हल्ला, आधीच्या जखमेवर. चिकटलेल्या फटीतून रक्त जोराने आणि वेडेवाकडे घुसते, त्याचाही मार पाकळीला रोज बसतो. दहा-वीस वर्षे हे चालले की चुना धरतो. आपल्याकडे तर कधी विशीच्या आतच झडप आवळलेली मुले पाहिली आहेत.

हा जंतू खोकल्या-शिंकण्यातून पसरतो, म्हणून दाटीत फावतो. युरोप-अमेरिकेत पेनिसिलीन बाजारात येण्याच्या आधीपासूनच हा ताप कमी होऊ लागला होता. घरे सुधारली, एका खोलीत झोपणारी माणसे कमी झाली, हे त्याचे एक मोठे कारण मानतात. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात आणि एकाचा घसा धरला की आठवड्यात चौघांचा धरतो. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या आजाराविषयी ठराव केला, तोही गरीब देशांत आणि गरीब वस्त्यांत तो अजून टिकून आहे म्हणूनच.

एकवीस दिवसांचे कार्ड

ताईंच्या गोष्टीत एक वळण होते, ते मला आजही सलते. सांधे सुजले तेव्हा त्यांच्या वडिलांनी शेवटी त्यांना दवाखान्यात नेले होते. तिथल्या डॉक्टरांनी आजार बरोबर ओळखला. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन लिहून दिले, कार्ड करून दिले. वडील सहा वर्षे नेमाने घेऊन जात होते. मग लग्न ठरले. मुलीला हृदयाचे काही आहे हे सासरी कळले तर मोडेल, म्हणून कार्ड माहेरच्या पेटीत राहिले. पुढची चोवीस वर्षे एकही इंजेक्शन नाही. दुसऱ्या बाळंतपणात दम लागला, पाय सुजले. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण जवळपास दीडपट होते आणि आवळलेल्या झडपेला तो लोंढा पेलत नाही. पण सगळ्यांनी ते बाळंतपणाचे म्हणून सोडून दिले.

हे इंजेक्शन झालेला चुना काढत नाही, चिकटलेली पाकळी सोडवत नाही. ते घशात जंतूला पुन्हा घर करू देत नाही, म्हणजे नवा हल्ला होत नाही. युगांडामध्ये ५ ते १७ वर्षांच्या ८१८ मुलांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. या मुलांच्या झडपांत आजाराची अगदी पहिली खूण एकोमध्ये दिसली होती, त्रास काहीच नव्हता. निम्म्यांना दर महिन्याला पेनिसिलीन दिले, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी पाहिले तर इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला होता, घेतलेल्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा. इतक्या स्वस्त औषधाचा एवढा फरक मी दुसऱ्या कुठल्या हृदयरोगात पाहिलेला नाही.

इंजेक्शन किती वर्षे घ्यायचे हे झडपेला किती इजा झाली त्यावर ठरते. कमीत कमी ५ वर्षे. झडप बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत, काहींना आयुष्यभर. ते दुखते, हे खरेच आहे. कंबरेत दोन दिवस गाठ राहते. पहिल्या वेळी ॲलर्जीची चाचणी करून घ्यावी आणि दर वेळी टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. भयंकर प्रतिक्रिया फार क्वचित येते, तरी काही ठिकाणी त्या भीतीने टोचायला नकार देतात. तसे झाले तर कार्ड घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयात जा, महिना चुकवू नका. ज्यांची झडप फारच खराब झाली आहे त्यांनी मात्र इंजेक्शन घ्यावे की गोळ्या, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

मऊ झडप आणि दगड झालेली झडप

आवळलेली मायट्रल झडप मऊ असेल तर छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन झडपेत फुगा फुगवतात, चिकटलेले कोपरे सुटतात, दोन-तीन दिवसांत माणूस घरी जातो. जपानच्या डॉ. इनोउए यांनी ही रीत १९८४ साली मांडली आणि भारतात तिने असंख्य तरुण मुलींचे प्राण वाचवले आहेत. पण पाकळीत चुना भरला की ती वाकत नाही. फुगा फुगवला तर चिरते. ताई दहा वर्षे आधी आल्या असत्या तर कदाचित फुग्यावर भागले असते.

त्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा काढलेली झडप तपासणीला पाठवण्यासाठी बरणीत ठेवली होती. चिमट्याने दाबून पाहिली तर टक्क असा आवाज आला.

बदलून कोणती झडप घालायची, यातही चुन्याचा हिशेब आहेच. डुकराच्या झडपेपासून किंवा गायीच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवलेली झडप मऊ असते, रक्त पातळ करण्याची गोळी तिला जन्मभर लागत नाही. पण तिच्यातही कॅल्शियम साचते, आणि जितका रुग्ण तरुण तितके लवकर. मग दुसरे ऑपरेशन. म्हणून तरुणांना बहुतेक वेळा धातूची झडप देतात. परदेशी धातूची झडप आपल्याला परवडत नसे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून भारतीय झडप बनवली. पहिले तीन नमुने फसले, चौथा टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. ताईंनाही तीच बसली. रात्री सगळे झोपले की तिची टिकटिक ऐकू येते म्हणाल्या.

धातूच्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून गोळी रोज, ठरल्या वेळी, आणि आयएनआरची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. गोळी चुकली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. पालेभाजी सोडू नका, रोज साधारण सारखी खा. मेडिकलवरून परस्पर अंगदुखीची गोळी आणू नका. मूल हवे असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटा, कारण यातल्या काही गोळ्या गर्भाला बाधतात. खर्चाचे म्हणाल तर झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून आधी नोंद करून घ्या, दागिना मोडायला मागाहूनही वेळ आहे.

घरी जाण्याच्या दिवशी ताईंनी शेवटचा प्रश्न विचारला. “हे माझ्या पोरांना होईल का?”

आईची झडप मुलाकडे जात नाही. पण आईची खोली मुलांचीच असते. मी त्यांना सांगितले, की घसा दुखतो, ताप आहे, गिळताना कळ येते, जबड्याखाली गाठी लागतात आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असे झाले तर थांबायचे नाही. नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झाले तर संधिवाताचा ताप टळतो. गोळ्या दिल्या तर दहा दिवस पूर्ण, दोन दिवसांत बरे वाटले तरी. बहुतेक घसे साध्या विषाणूंनी दुखतात, त्यांना या औषधाची गरज नसते, म्हणून डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घरात उरलेली कुणाची गोळी द्यायची नाही. आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासायला येतात, त्यांच्या यादीत हा हृदयरोग आहे. त्या दिवशी मुलांना घरी ठेवायचे नाही.

पुढच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा नऊ वर्षांची पुतणी बरोबर होती. पंधरा दिवसांपासून तिचा कधी हा सांधा दुखत होता, कधी तो. घरी तेलाची वाटी गरम झाली होती. ताईंनी ती बाजूला ठेवली आणि मुलीला घेऊन निघाल्या. एकोमध्ये मायट्रल झडप किंचित गळताना दिसली, पाकळ्या अजून पातळ होत्या. पहिले इंजेक्शन त्याच दिवशी टोचले. नवे कार्ड तिच्या आईच्या हातात देताना ताई म्हणाल्या, “हे पेटीत ठेवायचं नाही. भिंतीवर लाव.”